शेजारणीचा हुक्का

आमच्या गल्लीत हुक्का भरावा तर सिंधूकाकू गावंडेंनीच, आणि सिंधूकाकूंनी आजवर तंबाखूला बोटसुद्धा लावलेलं नाही. चिलमीत तंबाखू घालायला त्यांनी एक जुना चमचा वेगळा काढलाय. तो चमचा घरात येत नाही. अंगणातल्या तुळशीपासून लांब, नळाच्या पाइपला सुतळीनं बांधलेला असतो. कोणी टोकलंच तर काकू सरळ सांगतात, "मी तंबाखूच्या सक्त विरोधात हाय. मी फक्त निखारा पाहाते."

फक्त निखारा. हे म्हणजे एखाद्यानं म्हणावं, मी जुगाराच्या विरोधात आहे, मी फक्त पत्ते पिसतो.

या विरोधातलं सगळ्यात मोठं यश म्हणजे गावंडेकाका. काका भिलाईच्या स्टील प्लँटच्या टाइम ऑफिसमध्ये क्लार्क होते. नागपूरहून आलेल्या कोणत्याही सभ्य माणसासारखे तेही गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवून बोलायचे. काकूंनी तो सोडवला. कसा सोडवला हे काका सांगत नाहीत, पण खर्रा शब्द निघाला की अजूनही एकदा दाराकडे बघून घेतात. अशा बाईनं रोज दुपारी चार वाजता हातात शेगडी घेऊन शेजारच्या घरी हुक्का भरायला निघावं, हे काकांना पचलेलं नाही. एकदा काकू गेल्याची खात्री करून ते मला म्हणाले, "माहा खर्रा सुटला त मी तोंडातून शब्द काढला नाई, संजू. काढला असता त जेवण बी सुटलं असतं. आन् आता पाहा. शेजारणीची चिलीम भरून राहिली!"

"मग विचारा ना त्यांना."

"तूच विचार," काका म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवून बसले.

आम्ही भिलाईतल्या जुनवानीत राहतो. आमच्या गल्लीत जोडघरं आहेत. दोन घरांत एकच भिंत, त्यामुळे कोणाच्या घरी भांडण झालं की शेजारी निकालासकट कळतं. आमचं घर काकूंच्या अगदी समोर. मी रसमड्याच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघतो. लोखंड तापतं कसं, निवतं कसं हे रोज डोळ्यांसमोर असतं. तसं भिलाईत आगीशी संबंध नसलेलं घर शोधावं लागेल. पण आगीकडे इतक्या संशयानं बघणारं माणूस मी काकूंखेरीज दुसरं पाहिलेलं नाही.

काकूंच्या भिंतीपलीकडे सतबीर राहतो. हरियाणाचा. त्याचे ट्रक चालतात. सोबत बायको सुनीता आणि म्हातारी आई. या आईला सगळे ताई म्हणतात. त्यांच्याकडे थोरल्या काकूला ताई म्हणायची पद्धत. एकत्र घरातली चुलत भावंडं म्हणायची म्हणून सतबीरही स्वतःच्या आईला ताईच म्हणू लागला. ताईंचा हुक्का त्यांच्याबरोबर गावाहून आलेला. पितळेचा, कमरेएवढा उंच. ट्रकमध्ये तो ड्रायव्हरच्या शेजारी बसून आला होता म्हणे.

सुरुवात भांडणानं झाली. म्हणजे व्हायची होती.

काकूंची दुपारची झोप ही आमच्या गल्लीतली एक संस्था आहे. त्या वेळात भंगारवालासुद्धा हाक न मारता जातो. सतबीरचं कुटुंब नवीन आलं तेव्हा त्यांना हे कोण सांगणार? दुपारी ताई हुक्का ओढायला बसल्या की ठसका लागायचा. साधा नाही, भिंतीवरचं कॅलेंडर हलेल असा. दोन-तीन दुपारी काकूंनी कड काढली आणि मग पदर खोचून निघाल्या. मी त्या दिवशी घरीच होतो. काका माझ्याकडे धावत आले. "चाल लवकर. ही त्या बाईले काहीतरी बोलते आता."

आम्ही पोचलो तेव्हा ताई व्हरांड्यात बाजेवर बसल्या होत्या. पांढरी ओढणी, चांदीची कडी, डोळ्यांत ठसक्यानं आलेलं पाणी. काकू त्यांच्यासमोर उभ्या होत्या, पण ताईंकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या चिलमीकडे बघत होत्या. ट्रकच्या क्लीनरनं रॉकेल टाकून पेटवलेले कोळसे चिलमीवर रचले होते. अर्धे लाल, अर्धे काळे, वर निळसर धूर.

"हे कोणी पेटवलं?" काकू म्हणाल्या.

ताईंना मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला. त्यांनी हात हलवला. म्हणजे, कोणी का असेना.

"याच्यावर त वांगं बी नाई भाजणार कोणी," काकू म्हणाल्या. बाजेखालचा चिमटा त्यांनी उचलला, सगळे कोळसे चिलमीवरून काढून अंगणात टाकले आणि आपल्या घरी गेल्या. काका माझ्याकडे बघत राहिले. थोड्या वेळानं काकू परत आल्या त्या शेगडी घेऊन. शेगडीत बाभळीचे निखारे होते, प्रत्येकावर राखेचा पातळ पापुद्रा. त्यांनी एकेक निखारा चिमट्यात धरून त्याची राख झटकली, चिलमीवरच्या मातीच्या चकतीच्या कडेकडेनं मांडला आणि मधली जागा मोकळी सोडली. मग मागे सरकून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

ताईंनी नळी तोंडाला लावली. गुडगुड झाली. आम्ही सगळे ठसक्याची वाट बघत होतो. ठसका आला नाही. ताईंनी धूर सोडला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मीठा सै."

गोड आहे. एवढं हिंदीवरून काकूंना समजलं. त्यानंतर तो चिमटा ताईंच्या घरात कधी दिसला नाही. तो काकूंकडे असतो.

हे ज्ञान काकूंकडे आलं कुठून, तर रोडग्यांमधून. अमरावतीकडच्या त्यांच्या माहेरी रोडग्यांचा कार्यक्रम असला की कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, आणि तो निखारा सांभाळायचं काम लहानपणापासून काकूंकडे. घाई केली की रोडगा बाहेरून करपतो, आतून कच्चा राहतो. काकूंच्या मते हुक्क्याचंही तेच. तंबाखू जाळायची नसते, नुसती तापवायची असते. जळली की धूर कडू होतो, घशाला खरवडतो. आणि काळा राहिलेला कोळसा म्हणजे तर विषच; त्याच्या वासानं डोकं धरतं. निखाऱ्यावर सगळ्या बाजूंनी राख धरली पाहिजे. या राखेला काकू साय म्हणतात. "दम धरा. साय आली नाई अजून," हे वाक्य आमच्या गल्लीत रोज ऐकू येतं.

नुसतं निखाऱ्यांपुरतं असतं तर ठीक होतं. पण काकूंना एकदा एखादी गोष्ट पटली की ती सगळीकडे लागू होते. माझ्या मावसबहिणीला बघायला एक मुलगा आमच्या घरी आला होता. चांगला होता, फक्त बोलत जरा जास्त होता. पॅकेज, गाडी, फ्लॅट. काकू मदतीला आल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांनी त्याला नीट न्याहाळलं आणि माझ्या बायकोला, माधुरीला म्हणाल्या, "एका बाजूनं काळा हाय पोरगा. घाई नोको करू." काकूंचं कुजबुजणं रस्त्यापर्यंत जातं. मुलाच्या आईनं चहाचा कप खाली ठेवला. "आमच्याकडे सगळे गव्हाळच आहेत," असं म्हणून ती उठली, आणि मागोमाग पॅकेज, गाडी आणि फ्लॅटही उठले. काकूंना आपलं काय चुकलं ते आजही कळलेलं नाही.

तर दुपारच्या झोपेवर पाणी सोडून काकू रोज चार वाजता तिथे जाऊ लागल्या. उन्हाळ्यात लू सुटते तेव्हा वाऱ्यानं निखारे भडकतात, म्हणून त्यांनी तेलाचा डबा कापून चिलमीला आडोसा केला. पावसाळ्यात निखारे मरगळतात, तेव्हा दर थोड्या वेळानं उलटवत बसायच्या. धूर जरा उग्र झालाय असं नाकाला कळलं की एक निखारा कमी करायच्या आणि ताईंना हातानं खूण करायच्या: नळीत उलटी फुंक मार, साचलेला धूर निघून जाऊ दे. ऐंशीच्या घरातली ती बाई गाल फुगवून फुंक मारायची.

त्या दोघी बोलायच्या काय, हे गल्लीतलं मोठं कोडं होतं. मी मुद्दाम जाऊन बसलोय. त्या बोलायच्याच नाहीत. काकूंची हिंदी म्हणजे हळू बोललेलं मराठी. ताईंची हरियाणवी सतबीरलाच पूर्ण कळायची. ताई म्हणायच्या "कड़वा सै", काकू एक निखारा सरकवायच्या. ताई म्हणायच्या "ईब ठीक", काकू बसायच्या. बस. ताई त्यांना नावानं हाक मारत नसत. "ऐ मराठण," म्हणायच्या. आमच्यापैकी कोणी काकूंना "ए" करून हाक मारली असती तर त्याच्या पुढच्या पिढ्यांनी ती आठवण ठेवली असती. ताईंना मात्र काकू "आली, आली" म्हणायच्या.

मधे एकदा पोलीस आले. हुक्का बारवर बंदी आल्यापासून सगळे जागरूक झालेत. कोपऱ्यावरच्या घरात नव्यानं आलेल्या एका भाडेकरूनं गुडगुड ऐकून फोन केला असावा. दोन हवालदार मोटरसायकलवरून उतरले. त्यातला मोठा छत्तीसगडीत म्हणाला, "इहां हुक्का बार चलथे कहिके शिकायत आए हे."

काकू निखारे उलटवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बार अंदर है. चप्पल निकालके आओ."

हवालदार खरंच बूट काढून वर आला. बाजेवर ताई, पायाशी काकू, कोपऱ्यात दाणे निवडणारी सुनीता. त्यानं आपली टोपी काढली.

"देखो," काकू त्याला चिमट्यात निखारा धरून दाखवू लागल्या, "ये पूरा फुला. इसका धुवां लगता नहीं. और ये देखो, ये कोने में काला है. इसको रखा तो छाती में लगता. तुम्हारे वो बार में ऐसाच रखते होंगे. बंद किया तो अच्छा किया."

हवालदारानं निखाऱ्याकडे गंभीरपणे पाहिलं. "मोर बबा घलो पीयत रिहिस, दाई," तो म्हणाला. माझे आजोबाही ओढायचे. मग चहा पिऊन गेला. जाताना दुसऱ्याला सांगत होता की घरगुती मामला आहे.

हे असं चाललं होतं. मग गेल्या पावसाळ्यात ताईंना धाप लागली. रात्री बसून काढायला लागल्या. सतबीरनं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला, आणि सांगितलं की हुक्का आजपासून बंद. घरात धूर नको, अगरबत्तीचासुद्धा नको. सतबीर आईच्या शब्दाबाहेर नसलेला माणूस, पण त्या दिवशी त्यानं हुक्का पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला.

आम्हाला वाटलं, आता काकू सतबीरशी भांडतील. काकू म्हणाल्या, "बरोबर केलं. मी त तंबाखूच्या विरोधातच हाय." दिवसभर त्यांनी हे भेटेल त्याला सांगितलं. चार वाजले तशा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पुन्हा आत गेल्या. पुन्हा बाहेर. शेवटी चौकात गेल्या आणि भुट्टेवाल्यासमोर उभ्या राहून त्याला निखारे कसे मांडावे ते सांगू लागल्या. हे रोज व्हायला लागलं. त्या भुट्टेवाल्यानं पुढच्या आठवड्यात गाडी पलीकडच्या चौकात नेली.

त्याच दिवसांत ताईंनी काकूंना आत बोलावलं. हे मला माधुरीनं सांगितलं. तिला सुनीतानं सांगितलं होतं, आणि सुनीता दाराआड उभी होती. ताईंनी काकूंचा हात धरला आणि म्हणाल्या, "मराठण, एक चिलम भर दे. बस एक." सतबीर बाहेर गेला होता. हुक्का कुठे आहे ते दोघींना माहीत होतं. सुनीता म्हणते, काकूंनी एकदा माळ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नाई, ताई."

ताईंनी हात सोडला. कुशीवर वळून भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी काकू गेल्या तेव्हा व्हरांड्यातली बाज फिरवलेली होती. ताईंचं तोंड कोपऱ्याकडे, पाठ अंगणाकडे. काकूंनी हाक मारली. उत्तर नाही.

सतबीरला हसू आवरत नव्हतं. मला म्हणाला, "भाई साहब, हमारे गांव में किसी को बिरादरी से निकालते हैं तो उसका हुक्का-पानी बंद करते हैं. ताई ने काकू का हुक्का-पानी बंद कर दिया. और हुक्का तो पहले से ही बंद है!"

आता काकूंचा स्वभाव मला माहीत आहे. त्यांच्याकडे पाठ करून बसायची हिंमत मी तरी कोणाची पाहिली नव्हती. वाटलं, त्या आता पुन्हा त्या घराची पायरी चढणार नाहीत. पण थंडी सुरू झाली आणि एका दुपारी काकू शेगडी घेऊन निघाल्या. हुक्का नाही, चिलीम नाही, नुसते निखारे.

सुनीतानं दारातच अडवलं. "काकू, डॉक्टरने धुआं मना किया है."

"नाक लाव," काकू म्हणाल्या आणि शेगडी तिच्या तोंडाजवळ नेली.

सुनीतानं वास घेतला. कसलाच वास नव्हता. धूर तर सोडाच, काकूंनी ते निखारे घरी अंगणात इतका वेळ फुलवले होते की नुसती ऊब उरली होती. "म्हातारीले शेक पाहिजे," काकू म्हणाल्या. "खोलीत नाई नेणार. बाहेरच ठेवते, हवेत."

शेगडी ताईंच्या पाठीमागे ठेवून काकू शेगडीजवळ बसल्या. ताईंनी मान वळवली नाही. अंधारायला लागलं तेव्हा काकू शेगडी उचलून घरी आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ऑफिसमधून आलो की मी आमच्या व्हरांड्यातून ते चित्र बघायचो: एक ताठ पाठ, मधे शेगडी, आणि त्या पाठीकडे बघत बसलेल्या काकू. गल्लीला करमणूक झाली. कोणी म्हणे काकू माफी मागतायत. काका म्हणाले, "माफी? हिले तो शब्द लिहून दाखव, वाचता येते का पाहू."

कोळसे महाग पडायला लागले म्हणा, की बिनधुराची ऊब गोवरीतच नीट धरते म्हणा, एका रविवारी काकूंनी मला कुरुदला पिटाळलं. तिथे अजून काही घरी गायी आहेत, गोवऱ्या मिळतात. मी स्कूटरवर पोतं बांधून आणलं. माझ्यासमोर काकूंनी गोवऱ्या आणि थोडा कोळसा पेटवला, फुलवला. मग म्हणाल्या, "तू बी चाल. मले एकटीले दोन्ही नाई उचलणार." दुसरं काही उचलायचं नव्हतंच. शेगडी एकटीच होती, आणि ती मीच उचलली.

ताई तशाच बसल्या होत्या. मी शेगडी ठेवली, काकू बसल्या, मीही पायरीवर टेकलो. आतून सुनीताच्या कुकरची शिट्टी झाली. मी उठायचा विचार करत होतो, तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. खरखरीत, चिडलेला.

"काला रह ग्या."

मी काकूंकडे पाहिलं. काकू निखाऱ्यांकडेच बघत होत्या.

"ऐ मराठण!" ताईंची पाठ हलली. बाजेवर हात टेकून त्या वळल्या. आधी एक खांदा, मग तोंड. डोळे खोल गेले होते, पण रागानं चमकत होते. बोट शेगडीकडे. "सूंघ तो! एक काला रह ग्या. अंधी हो गी के?"

मी वाकून पाहिलं. शेगडीच्या अगदी तळाशी, ताईंच्या बाजूला, एक कोळसा खरंच अर्धा काळा होता. त्यातून केसाएवढी धुराची रेघ निघत होती.

"हो वं बाई, राहिला खरा," काकू म्हणाल्या. चिमट्यानं तो कोळसा काढून त्यांनी अंगणात दूर नेऊन विझवला. परत येईपर्यंत ताईंचं बोलणं चालू होतं. मला चार शब्द कळले असतील, पण एकूण रोख असा होता की इतकी वर्षं शिकवून या बाईला निखारा येत नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदराखालून एका डब्यातून कणकेचे चार गोळे काढून निखाऱ्यांत खुपसले. ताई वाकून बघायला लागल्या. भाजून झाल्यावर काकूंनी एक रोडगा फोडला, त्यात तूप सोडलं आणि वाटी पुढे केली. ताईंनी आधी ती वाटी नाकाला लावली.

"यो मीठा सै," त्या म्हणाल्या. सुनीता आतून येऊन दारात उभी होती. ती मला हळूच म्हणाली, ताईंनी दोन दिवस दुधाशिवाय काही घेतलं नव्हतं.

परतताना शेगडी पुन्हा माझ्याकडे. आम्ही काकूंच्या अंगणात आलो. मला राहवेना.

"काकू, तुमच्या हातून काळा कोळसा राहिला?"

"राहाते एखादा."

"तोही नेमका त्यांच्या नाकाजवळ?"

काकूंनी शेगडी माझ्या हातातून घेतली, खाली ठेवली आणि राखेनं निखारे झाकत बसल्या.

"रुसली होती तवरीक मले काई चिंता नव्हती," त्या म्हणाल्या. "खरं सांगू? बरंच वाटे. माह्यावर आजवर कोणी रुसलंच नाई, संजू. भ्यायले सगळे. तुझा काका भ्याला. माहा पोरगा भ्याला. फोनवर 'हो आई, हो आई' करते आन् ठेवून देते. ही पहिली, जे माह्यावर रुसून बसली. मी रोज जाऊन पाहो, हाय का रुसलेली. अशी ताठ बसे!" त्यांनी स्वतःची पाठ ताठ करून दाखवली. मग ती आपोआप सैल झाली. "परवा गेली त पाठ ढिली पडली होती. रुसवा गेला होता न बाप्पा. नुसती बसली होती. मी आली काय, गेली काय. म्हटलं, हे काई बरं नाई. हिले राग आला पाहिजे."

"म्हणून तुम्ही..."

"धूर किती होता? बोटभर. आन् हवा माह्याकडे होती, तिच्याकडे नाई. तेही पाह्यलं मी."

मी विचारलं, "पण नुसत्या पाठीवरून तुम्हाला कळलं कसं?"

घरातून टीव्हीचा आवाज येत होता. उघड्या दारातून काका दिसत होते. खुर्ची टीव्हीकडे वळवलेली, आम्हाला फक्त त्यांचं टक्कल आणि बनियनमधली पाठ. काकूंनी एकदा तिकडे पाहिलं.

"पाठी मी लय पाह्यल्या, संजू," त्या म्हणाल्या. "रुसलेली एकच."

आणि हात झटकून त्या काकांना चहा विचारायला आत गेल्या.